दारापासून खुर्चीपर्यंत

आमच्याकडे केरळात हरताळ जाहीर झाला की माणसं आधी कोंबडीवाल्याकडे धावतात, मग पेट्रोल पंपावर, आणि ज्या कारणासाठी हरताळ असतो त्याचं दुःख वेळ उरलाच तर करतात. त्या दिवशी बातमी आली तेव्हा आम्ही ऑफिसात जेवत होतो. उद्या सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, सगळं बंद. कुठल्या पक्षाने कशासाठी पुकारला होता ते मला आता आठवत नाही. त्या पक्षालाही आठवत नसणार. मला चेची, म्हणजे ताई, म्हणणाऱ्या अजमलने उजवा हात माशाच्या कालवणात तसाच ठेवून डाव्या हाताने फोन लावला आणि कक्कनाडच्या नाक्यावर दोन कोंबड्या सांगून ठेवल्या.

"माझीपण एक सांग," सनीश म्हणाला.

"तुला कशाला? बायको माहेरी गेलीय तुझी. तुला पाणी तरी उकळता येतं का?"

मीही हसले. आणि हसता हसता आठवलं, उद्या अप्पच्चनची पाळी होती.

अप्पच्चन म्हणजे माझे वडील, औसेप. काळडीच्या भातगिरणीत फिटर होते. जन्मभर यंत्रांच्या गाळण्या साफ केल्या आणि शेवटी स्वतःचीच गाळणी तुंबली, असं तेच सांगायचे आणि वर स्वतःच हसायचे. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्यातली मागची पाळी तापामुळे हुकली होती. पाय सुजून खांबासारखे झाले होते, आडवं पडलं की श्वास लागायचा. उद्याची पाळी हरताळात गेली असती तर परवापर्यंत ते थांबू शकले नसते. हे मला डॉक्टरने सांगायची गरज नव्हती. सकाळी फोनवर त्यांचा आवाज ऐकला होता.

पण मी घाबरले नाही, कारण वेबसाइट आमचीच होती. जिल्ह्यातल्या धर्मादाय डायलिसिस केंद्रांसाठी आम्ही ती बनवली होती आणि त्याच महिन्यात सुरू केली होती. पेशंटने किंवा त्याच्या घरच्यांनी फोनवरून खुर्ची धरायची, केंद्रातल्या सिस्टरने स्क्रीनवर नाव बघून माणसाला बसवायचं. पहाटे जाऊन बाकावर रुमाल टाकून बसणं बंद. मी जेवणाच्या टेबलावरूनच अप्पच्चनची उद्याची पाळी रद्द केली आणि आज संध्याकाळी पाचची धरली. खुर्ची नंबर तीन. "तुमची खुर्ची निश्चित झाली" असं आलं आणि अजमलने हौसेने बसवलेली ती हिरवी खूण स्क्रीनवर नाचली. मी अम्मच्चीला, आईला, फोन करून सांगितलं, वरीदेट्टनची रिक्षा बोलाव आणि निघा.

पुढे काय झालं ते कळायला आमचं काम कसं चालतं ते सांगायला हवं. सरकारी इस्पितळात जशा खिडक्या असतात, एकीवर नाव सांगायचं, दुसरीवर कागद दाखवायचा, तिसरीवर औषध, तसंच वेबसाइटच्या पोटात असतं. त्या प्रत्येक खिडकीला आम्ही कंट्रोलर म्हणतो. माणूस एका खिडकीवरून दुसरीकडे जाताना त्याच्या हातात एक चिठ्ठी असते: कोण आलंय, कोणासाठी आलंय. लॉगिन आणि रद्द करणं या खिडक्या सनीशच्या. खुर्ची देण्याची अजमलची. सिस्टरची स्क्रीन माझी. तिघांनी आपापल्या खिडकीच्या टेस्ट, म्हणजे ती नीट चालते का ते तपासणारे छोटे प्रोग्राम, लिहिल्या होत्या आणि तिघांच्या हिरव्या, म्हणजे पास, होत्या. कोडमध्ये काही बदललं की टेस्ट चालवायच्या, सगळ्या हिरव्या आल्या की सुटकेचा निःश्वास टाकायचा.

राहिली होती ती सलग चालणारी टेस्ट. इंटिग्रेशन टेस्ट म्हणतात तिला: एक माणूस बाहेरच्या दारातून आत शिरतो, एकेक खिडकी पार करत खुर्चीपर्यंत पोचतो, आणि पोचला की नाही ते शेवटी बघायचं. आमचे मालक टोमिच्चायन यांनी ती नंतर करू म्हणून ठेवली होती.

"जिन्सी, ती टेस्ट एवढा वेळ चालते की मी खाली जाऊन चहा आणि केळ्याची पळंपोरी खाऊन येतो तरी चालूच असते," ते मला म्हणाले होते. "प्रत्येकाचं हिरवं आहे ना? हिरव्याला हिरवं जोडून काय लाल होणार आहे?"

साडेचारच्या सुमाराला अम्मच्चीचा फोन आला.

"मोळे, पोरी, इथे अप्पच्चनचं नाव नाही म्हणतात."

"नीट बघायला सांग. औसेप, खुर्ची नंबर तीन."

"तिनावर दुसराच माणूस बसलाय. सुयासुद्धा टोचून झाल्या त्याला. तू खरंच केलं होतंस ना?"

मागे अप्पच्चनचा श्वास ऐकू येत होता. बाजूला वरीदेट्टन कोणावर तरी ओरडत होते. मी म्हटलं, सिस्टरला दे. फिलोमिना सिस्टर त्या केंद्राच्या प्रमुख, आवाजात कधी घाई नसलेली बाई. त्या दिवशी घाई होती.

"जिन्सी, मी काय करू? हरताळामुळे दारात ही गर्दी. स्क्रीनवर तीन नंबरपुढे नाव नव्हतं, रिकामी दिसली, म्हणून एका आजोबांना दिली. आता त्यांच्या सुया काढता येणार नाहीत. तुमच्या अप्पच्चनची उद्याची खुर्चीपण रद्द दिसतेय. मग आजची कुठाय?"

"माझ्या फोनवर निश्चित आहे, सिस्टर!"

"तुमच्या फोनवर असेल हो. माझ्याकडे नाही." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "सात नंबर अजून मोकळी आहे. तिच्यापुढेपण नाव नाही. सांगा, बसवू त्यांना? पाच मिनिटांत मशीन लावते."

हो म्हणायला तोंड उघडलं होतं. देवाची शपथ, उघडलं होतं. आणि तेवढ्यात डोक्यात आलं की तीन नंबरही सिस्टरला अशीच मोकळी दिसली होती.

सात नंबर मोकळी नव्हती. ती कोणाची तरी होती. कोणीतरी माझ्यासारखंच कुठेतरी बसून ती धरली होती, हिरवी खूण नाचताना पाहिली होती, आणि त्यांचं माणूस आत्ता रस्त्यात होतं. हे पृथ्वीच्या पाठीवर मला एकटीला माहीत होतं. का माहीत झालं, असं वाटलं. दुसऱ्या एखाद्या मुलीला माहीत नसतं, ती हो म्हणाली असती, आणि तिचा बाप पाच मिनिटांत मशीनवर असता.

"सिस्टर, थांबा," मी म्हटलं. "कोणालाच बसवू नका. थोडा वेळ द्या मला."

"थोडा म्हणजे?" अम्मच्चीने फोन हिसकावून घेतला होता. "हा माणूस इथे बाकावर काळानिळा पडतोय आणि तू थांबा म्हणतेस? कोणाची मुलगी आहेस तू?"

मी फोन ठेवला. दुसरं काय करणार होते?

मोठ्या हॉस्पिटलात फोन लावला तर तिथेही झुंबड. घेऊन या, मशीनचं सांगता येत नाही, म्हणाले. तोवर बाकीच्या केंद्रांतूनही फोन सुरू झाले होते. नाव नाही, नाव नाही, नाव नाही. टोमिच्चायन काचेच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा तोंडचं पाणी पळालं होतं त्यांच्या.

"माझ्याकडे सगळं हिरवं आहे," सनीश म्हणाला.

"माझंपण हिरवं," अजमल म्हणाला. "बघा ना चेची, आत्ता परत चालवलं."

"तुमच्या हिरव्याला आग लागो," मी म्हटलं. "माझा बाप बाकावर मरतोय. तीन खिडक्या हिरव्या आहेत ना? मग माणूस कुठे हरवतो ते सांगा!"

मी खुर्ची ओढली आणि ती टेस्ट लिहायला बसले. अंदाजाने काहीतरी बदलून बघण्याइतका वेळ नव्हता, आणि चुकीचं बदललं असतं तर उरलीसुरली नावंही गेली असती. अक्षरं चुकत होती. लिहायचं होतं ते एवढंच: एक मुलगी लॉगिन करते. वडिलांसाठी आलेय म्हणून सांगते. त्यांची उद्याची पाळी रद्द करते, आजची धरते. मग सिस्टर आपली स्क्रीन उघडते, आणि तिथे वडिलांचं नाव दिसलं पाहिजे.

माणसाचं काहीतरी नाव घालावं लागतं. एरवी आम्ही तिघेही अम्मिणी घालायचो. अम्मिणी, वय साठ, आमची ठरलेली खोटी पेशंट. तिला प्रत्येक जण आपल्या खिडकीपुढे आणून उभी करायचा, तिच्या हातात स्वतः लिहिलेली कोरी करकरीत चिठ्ठी द्यायचा आणि तपासायचा. दारातून चालत ती कधी आलीच नव्हती. शिवाय ती स्वतः लॉगिन करायची, स्वतःच पेशंट असायची, स्वतःच खुर्ची धरायची. केरळात अशी अम्मिणी दाखवा मला! इथे आईबापांचं फोनवरचं सगळं मुलं करतात, आणि मुलं शारजात, दोह्यात, मस्कतात. माझ्यासारखी नशीबवान असलीच तर बसने तासाभरावर. आमच्या तिघांच्याही घरी हेच, आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं.

मी अम्मिणी लिहिलं नाही. बोटांनी औसेप लिहिलं. मुलगी, जिन्सी.

टेस्ट चालू झाली. टोमिच्चायन माझ्या मागे उभे होते. खाली चहाला जाण्याचं नाव त्यांनी काढलं नाही. पहिली खिडकी पार, रद्द करणं पार, खुर्ची मिळाली. शेवटच्या ओळीवर लाल. सिस्टरच्या स्क्रीनवर औसेप हे नाव अपेक्षित होतं, सापडलं नाही.

आयुष्यात पहिल्यांदा लाल बघून मला रडू आलं ते बरं वाटल्यामुळे. निदान आता माणूस आमच्या डोळ्यांसमोर हरवत होता. मी प्रत्येक खिडकीनंतर चिठ्ठी वाचून दाखव अशी ओळ घातली आणि परत चालवली. लॉगिननंतर चिठ्ठीवर: आलेली जिन्सी, पेशंट औसेप. रद्द केल्यानंतर: आलेली जिन्सी, पेशंट कोणी नाही.

"मी पुसतो ते," सनीश हळूच म्हणाला. "रद्द झाल्यावर चुकून कोणाचं नाव मागे राहू नये म्हणून."

"आणि पेशंट नसला तर मी आलेल्या माणसाचंच नाव घेतो," अजमल म्हणाला. "अम्मिणी स्वतःच येते ना, म्हणून."

आणि माझी स्क्रीन. जिन्सी नावाचा पेशंट केंद्राच्या नोंदीत नाही, म्हणून माझी स्क्रीन ती जागा कोरी दाखवत होती. तिघांनीही आपापल्या परीने शहाणपणच केलं होतं. एरवी, नुसती नवी खुर्ची धरताना, हे होतच नव्हतं. आधी रद्द करून मग धरली तरच होत होतं, आणि आज हरताळामुळे अर्ध्या जिल्ह्याने नेमकं तेच केलं होतं.

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. टेस्ट हिरवी झाली तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग ज्यांची नावं गळाली होती त्यांची रद्द झालेल्या पाळ्यांवरून परत जुळवायला अजमल बसला. नावं परत यायला लागली. तीन नंबरपुढे औसेप आलं. सात नंबरपुढे आलं नबीसा. ती खुर्ची धरणारा: मुलगा शिहाब, शारजाचा फोन नंबर.

म्हणजे आता सगळं बरोबर होतं. अप्पच्चनच्या नावाच्या खुर्चीत दुसरा माणूस सुया टोचून घेऊन बसला होता, आणि एकुलत्या एक मोकळ्या खुर्चीवर माझ्याच हाताने मी दुसऱ्या बाईचं नाव लावलं होतं.

फिलोमिना सिस्टरचा फोन आला. "नाव आलं हो, जिन्सी. पण मी काय करू त्याचं? यांचे ओठ निळे पडलेत. ऑक्सिजन लावलाय. ती नबीसुम्मा अजून आलेली नाही."

मी शारजाचा नंबर लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. वाजलं तोच उचलला.

"उम्मा पोचली का?" पलीकडचा मुलगा म्हणाला. त्याला मी केंद्रातली वाटले.

"नाही. मी जिन्सी. ज्या वेबसाइटवर तुम्ही खुर्ची धरलीत ती आम्ही बनवलीय." आणि मग सगळं एका दमात सांगून टाकलं. नाव कसं गेलं, सात नंबर त्याच्या आईची कशी, माझे वडील दारात कसे. "मी तुमची खुर्ची मागत नाहीये," मी म्हटलं, आणि ते खोटं होतं, म्हणून पुढे म्हटलं, "मागतेय. मागतेयच मी. पण तुम्ही नाही म्हणालात तर नाही."

त्याच्या मागे यंत्रांचा आवाज येत होता. कुठल्याशा गोदामात असावा.

"चेची, मी तिला तीन वर्षांत पाहिलेलं नाही," तो म्हणाला. "फोनवरून जेवढं करता येतं तेवढंच करतो. तेवढंच आहे माझ्या हातात. आणि तुम्ही म्हणता तेपण द्या."

"माझ्याही हातात तेवढंच आहे रे मोना," मी म्हटलं. तो वयाने किती होता कोण जाणे, पण तोंडातून मोना, बाळा, हेच आलं.

"ओळखते का हो ती सिस्टर माझ्या उम्माला? ती बोलत नाही. त्रास होतो हे सांगत नाही ती. कोणीतरी विचारायला लागतं."

"मी सांगते सिस्टरला. विचारायला सांगते."

मग तो म्हणाला, "रिक्षा पंपावरच्या रांगेत अडकलीय. आत्ताच बोललो. अजून अर्धा तास तरी लागेल म्हणाली. तोवर बसवा अप्पच्चनला. पण अर्धं. अर्धं त्यांचं, अर्धं तिचं. चार तासांचे दोन-दोन करता येतात ना? विचारा डॉक्टरला. अर्ध्यात उम्माचं भागेल ना, चेची?"

"भागेल," मी म्हटलं. मला काय माहीत होतं? मी प्रोग्रामर आहे.

डॉक्टर हो म्हणाले, अशा दिवशी करतो आम्ही. अप्पच्चनना सात नंबरवर दोन तास मिळाले, नबीसुम्मालाही दोन. मी पोचले तेव्हा ते उठत होते आणि ती बसत होती. ती खरंच बोलली नाही. अप्पच्चननी उठता उठता उशी थोपटून सरळ केली आणि तिला म्हणाले, "बसा, गरम करून ठेवलीय." ती डोक्यावरचं तट्टम तोंडावर ओढून हसली. मी तिला विचारलं, त्रास होतोय का. तिने मान हलवली, होतोय.

अप्पच्चन त्या वर्षीच्या आमच्या चर्चच्या पेरुन्नाळच्या उत्सवापर्यंत होते. मिरवणूक घरावरून गेली ती त्यांनी खिडकीतून पाहिली, आणि त्याच आठवड्यात गेले. त्या दिवशी दोनच तास मिळाले म्हणून ते गेले असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. नबीसुम्मा अजून येते. शिहाब ईदला मला फोन करतो.

टेस्टमध्ये अम्मिणी घालून टाक आता, असं टोमिच्चायन मला एकदा म्हणाले. चांगल्या मनाने म्हणाले, रोज ते नाव बघून मला त्रास होत असेल म्हणून. मी नको म्हटलं. उलट आणखी एक घातली, शारजाचा शिहाब आणि त्याची आई नबीसा. आता कोणीही काहीही बदललं की आधी औसेप दारातून आत शिरतात, त्यांची पाळी रद्द होते, नवी मिळते, आणि ते खुर्चीपर्यंत पोचतात. दिवसातून कितीतरी वेळा. टोमिच्चायन आता ती टेस्ट संपेपर्यंत चहाला जात नाहीत.

मागच्या आठवड्यात सनीशने लॉगिनमध्ये काहीतरी सुधारणा केली. मी पार्सलचा परोटा सोडत होते. स्क्रीनवर लाल आलं. सिस्टरच्या स्क्रीनवर औसेप हे नाव अपेक्षित होतं, सापडलं नाही.

मी फोन उचलला होता. फिलोमिना सिस्टरचा नंबर काढून लावलाही होता, पलीकडे वाजत होता, तेव्हा अजमलने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"चेची," तो म्हणाला, "टेस्ट आहे ती."

"माहितीय मला," मी म्हटलं. "सनीश, आधी ते नीट कर. ते दारातच उभे आहेत."